सावरखिंडीचा गुरुवार

पडद्यावरचे सगळे ठिपके हिरवे झाले आणि एकच लाल राहिला, की माझा जीव त्या एकात अडकतो. घरी चपात्यांचंही तसंच. दुरडीभर फुगलेल्या कुणाला दिसत नाहीत, तव्याला चिकटलेली एक बरोबर दिसते.

त्या दिवशी लाल राहिली होती सावरखिंड. कोयनेच्या पाण्यापलीकडचं, डोंगराच्या खोबणीत बसलेलं गाव. रस्ता नाही, बामणोलीहून लाँचनं जायचं. तिथल्या ठोकापेटीनं आमचं नवं पॅकेज नाकारलं होतं.

ठोकापेटी हे नाव लोकांनी ठेवलेलं. सरकारी नाव लांबलचक आहे, ते मलाही धड आठवत नाही. काम मात्र समजायला सोपं. हृदयाचा ठोका पडला की सगळं शरीर केसाएवढं हलतं. धक्क्याला बांधलेल्या होडीत कुणी पाय ठेवला की होडी डुलते ना, तसं. गोधडीखालची पट्टी ते डुलणं रात्रभर टिपते आणि गावातल्या पेटीला कळवते. पेटी म्हणजे एक छोटा सर्व्हर. तो आजची रात्र कालच्या रात्रीशी, कालची परवाच्या रात्रीशी ताडून बघतो. हृदय थकायला लागलं की धाप लागायच्या कितीतरी आधी हे डुलणं बदलतं. डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून ही आकडेमोड गावातच होते. आम्ही साताऱ्यातून फक्त आकडेमोडीची सुधारलेली रीत पाठवतो, उपग्रहावरून, तुकड्यातुकड्यानं. तेच पॅकेज.

आधीच्या रीतीला एकच गोष्ट यायची. अमक्याचं हृदय अमक्या सुमाराला दमणार, एवढं सांगून ती गप्प बसायची. खडूस ज्योतिषासारखी. नव्या रीतीला त्यापुढचं कळत होतं: कुठली गोळी कमीजास्त केली तर तो सुमार लांबेल. म्हणून हे पॅकेज प्रत्येक गावात पोचायला हवं होतं.

मी नेहमीचं सगळं केलं. पुन्हा पाठवलं. तुकडे लहान करून पाठवलं. आभाळ निवळल्यावर पाठवलं. पेटी रोज एक हजेरीचा निरोप धाडते, त्यात बॅटरीचा आणि रिकाम्या जागेचा आकडा असतो. दोन्ही ठणठणीत. एरवी मी साताऱ्यात बसून पेटीच्या आत शिरते आणि काय दुखतंय ते बघते, पण ही दारच उघडेना. ‘जिवंत आहे’ आणि ‘नाकारलं’, दोनच निरोप. नवऱ्याशी अबोला धरलेली बाई डबा भरून देते पण का रुसली ते सांगत नाही, तसा प्रकार.

“सरोजताई, पेटी बदलून टाका,” आमच्या कक्षाच्या प्रमुख रुबिना मुल्ला मॅडम म्हणाल्या. माझ्याहून वयानं बऱ्याच लहान, कामाला वाघीण. “नवी घेऊन जा, जुनी परत आणा.”

“नवीला तिथलं एकही हृदय ओळखीचं नसणार, मॅडम. इतक्या रात्री साठवल्यात जुनीनं.”

“मग जाऊन बघा तरी. पण कारण घेऊनच या. मला कारण न कळलेला बिघाड झोपू देत नाही.”

मलाही देत नाही. म्हणून तर आमचं जमतं.

*

लाँच आता विजेवर चालते, त्यामुळे पूर्वीसारखं ओरडून बोलावं लागत नाही. माघ संपत आला होता. पाणी खाली गेलेलं, काठावर तांबड्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. चालक दिनेश शेलार तिशीचा, बोलका.

“सावरखिंडीला? म्हणजे कोंडीरामतात्यांकडं. पेटी त्यांच्याच पडवीत असती. माझे गुरू ते. ही लाँच जन्मभर त्यांनीच चालवली.”

“कडक असतील.”

“कडक? अहो, त्यांच्या लाँचचं घड्याळ कायम मागं असायचं. मुद्दाम. डोंगरावरनं कुणी बाळंतीण, कुणी म्हातारं निघालेलं दिसलं की तात्या काटा आणखी मागं सरकवायचे. शहाणासुरता माणूस बोंबलायचा, ‘तात्या, चार वाजले की!’ तात्या घड्याळाकडं बोट करायचे. ‘न्हाय वाजलं अजून.’” दिनेश हसला. “लाँच चुकली असा माणूस ह्या खोऱ्यात सापडायचा न्हाय तुम्हाला.”

मी हसले आणि विसरून गेले. कारण शोधायला निघालेल्या माणसाच्या शेजारी कारण येऊन बसतं आणि तो बाहेर पाणी बघत राहतो.

*

कोंडीराम उतेकर धक्क्यावर उभेच होते. उंच, वाळलेले, डोक्याला टोपी.

“आलासा? चला, आधी चा घ्या.”

चहा झाला. मग पोहे झाले. मग त्यांना परसातला फणस दाखवायचा होता. मग कोंबड्या. मी पडवीकडे वळले की त्यांना काहीतरी आठवायचं.

“तात्या,” मी म्हटलं, “पेटीला आधी हात लावू द्या. कोंबड्या पळून जात नाहीत.”

“पेटी झ्याक चाललीय की. रोज बोलती.”

“मग पॅकेज का घेत नाही?”

“तिचं पोट भरलं आसंल.”

आतून बायकी हसणं ऐकू आलं. त्यांच्या बायको, हौसाआक्का, उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. गोल चेहरा, मोठं कुंकू. पावलं सुजलेली. पायांवर बोट ठेवलं तर खळगा राहील अशी. ती सूज माझ्या नजरेतून सुटली नाही आणि माझी नजर तात्यांच्या.

मी पडवीत जाऊन पेटीचं झाकण उघडलं. पेटीला जाग आली आणि ती गोड आवाजात म्हणाली, “नमस्कार. आज गुरुवार. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.”

त्या दिवशी सोमवार होता.

आता हे कसं झालं ते सांगते. आम्ही पाठवतो त्या पॅकेजवर आमचा शिक्का असतो. हाताचा नव्हे, गणिताचा. भलत्याच कुणी काहीतरी धाडलं तर पेटीनं ते घेऊ नये म्हणून. हा शिक्का अमुक दिवसापासून पुढे चालतो. आमचा नवा शिक्का पौषात केलेला होता, आणि ही पेटी मार्गशीर्षात जगत होती. पुढच्या महिन्यात तयार झालेल्या गोळ्यांचं पाकीट आज कुणी दुकानदाराच्या हातात दिलं, तर तो ते बाहेरच फेकेल ना? पेटीनं तेच केलं. माझ्यासाठी दार उघडेना तेही त्याचसाठी. माझ्या ओळखपत्रावरही तोच पौषातला शिक्का. तिच्या लेखी मी अजून जन्मलेच नव्हते.

पावसाळ्यात आठआठ दिवस उपग्रहाशी गाठ पडत नाही आणि पेटीचं घड्याळ भरकटतं. म्हणून ते हातानं लावायची मुभा आम्हीच पेटी सांभाळणाऱ्याला दिलेली. तात्यांनी ती वापरली होती. रोज सकाळी उठून एक दिवस मागे.

मला लाँचवरचं घड्याळ आठवलं.

“तात्या,” मी हळू आवाजात विचारलं, “कोण यायचं राहिलंय?”

ते पडवीच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“कुणी यायचं न्हाय राहिलं,” ते म्हणाले. “कुणाला तरी जाऊ द्यायचं न्हाई.”

गावातल्या सगळ्यांचा अंदाज पेटी महिन्यातून एकदा सांगते, आणि तो आधी पेटी सांभाळणाऱ्याच्या कानावर पडतो. मग त्यानं ज्याच्या त्याच्या घरी जाऊन समजुतीनं सांगायचं. मार्गशीर्षातल्या त्या बुधवारी पेटीनं तात्यांना त्यांच्याच घरचं सांगितलं. होळीच्या सुमारास.

“डॉक्टरकडं गेला होता ना हा अंदाज?”

“गेला. त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणाले साताऱ्याला ठेवू. ही म्हणती, तिथं माझ्या ओळखीचं कोण हाय?” त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “तिला होळीचं सांगितलं न्हाई. म्हटलं, पेटीच्या घरात होळीच न्हाय आली तर? पण बुधवार धरला तर पेटी ते परत परत बोलणार. म्हणून गुरुवार धरला.”

यावर हसावं की रडावं ते मला कळेना. ज्या मनुष्याला मी बिघाड समजून शोधत होते, तो इतका नीट विचार करून वागला होता.

“तात्या, रोज तोच दिवस आला की पेटी कालची रात्र पुसून तिच्यावर आजची लिहिते. तिला वाटतं, एकच रात्र आहे. तुलनेला काही उरतच नाही. दोन महिने ती कुणाचंच ऐकत नाहीये. आक्कांचं नाही, गावातल्या कुणाचंच नाही.”

“भागूचं बी न्हाई? वरच्या आळीतली. तिला औंदा दम लागतोय.”

“त्यांचंही नाही.”

त्यांचा चेहरा बघवेना. तरीही मी बोलले, कारण ते बोलल्याशिवाय मला परत जाता आलं नसतं. “एखाद्यासाठी लाँच थांबवायची ती घटकाभर. तुम्ही ती सोडलीच नाहीत. बाकीचे आत बसून आहेत.”

बराच वेळ त्यांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “ह्या नव्या पॅकेजानं होळी पुढं जाईल?”

खोटं बोलणं किती सोपं होतं. “सांगता येत नाही. कुठली गोळी बदलायची ते कळेल. त्यानं कुणाचं लांबतं, कुणाचं नाही.”

“आणि उलट अलीकडची तारीख निघाली तर?”

“तेही होऊ शकतं.”

“मग न्हाय लावायचं,” ते म्हणाले आणि पेटीचं झाकण माझ्या हातातून घेऊन लावून टाकलं. “भागूसाठी दुसरी पेटी आणा. ही माझ्या घरात हाय तशी ऱ्हाऊ द्या.”

“म्हंजे मला सदानकदा उपास,” उंबऱ्यातून आवाज आला.

आक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. एवढ्याशा चालण्यानं त्यांचा श्वास मोठा झाला होता. तात्या धडपडत उठले.

“तू कशाला उठलीस?”

“बसून ऐकू येईना म्हणून.” त्या माझ्याकडे वळल्या. “पोरी, ही पेटी रोज सकाळी मार्गशीर्षातला गुरुवार म्हणती. पयल्यांदा मी गपगुमान उपास धरला. दुसऱ्या दिवशी परत गुरुवार. परत धरला. मग म्हटलं, लक्ष्मी काय एवढी माझ्या उपासावर टपलेली नसंल. ह्यांना विचारलं तर म्हणतात, पेटी बिघडलीय. जन्मभर लाँचचं घड्याळ मागं वढणारा माणूस मला सांगतोय, पेटी बिघडलीय!”

“तुला ठावं हुतं?” तात्या तिच्याकडे वळले.

“तारीख न्हाय ठावं. तुमचं तोंड ठावं हाय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“रोज सकाळी काटा मागं सारून आत यायचा, ते कसं खुशीत यायचा! मग चा बी चांगला करायचा.” आक्का पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, “म्हटलं, चालतंय तोवर चालू दे. पण भागूचं पेटी ऐकत न्हाय हे मला न्हाय कळलं. ते वंगाळ झालं.”

त्या खाली बसल्या, तात्यांच्या शेजारी, पायरीवर. दोघांच्या मध्ये टोपी.

“लाव गं तुझं काय ते,” त्या मला म्हणाल्या. “काय खायचं, काय गिळायचं ते मला सांग. तारीख नको सांगू. मला न्हाई, ह्यांना तर अजिबात न्हाई. ह्यांच्या तोंडावर मला वाचता येती.”

तात्या उठले, झाकण काढलं आणि बाजूला सरकले.

*

घड्याळ खऱ्या दिवसावर आणलं आणि पॅकेज पुन्हा मागवलं. पेटीनं या खेपेला माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं पाहिलं. तुकडे उतरू लागले. तात्या तेवढ्यात वरच्या आळीत जाऊन भागूबाईंच्या गोधडीखालची पट्टी नीट आहे का ते बघून आले. मीही दोनतीन घरांत त्यांच्याबरोबर गेले. प्रत्येक उंबऱ्यावर ते तेच म्हणत होते, “माझ्याकडनं चूक झाली. उद्यापास्नं पेटी ऐकंल.” काय चूक, ते कुणी विचारलं नाही. खोऱ्यातल्या लोकांना तात्यांनी किती वेळा थांबून लाँचमध्ये घेतलेलं, ते आता तात्यांसाठी थांबले.

पण एक अडचण माझीच होती. नवं पॅकेज बसलं की पहिल्या रात्रीनंतर पेटी अंदाज बोलणार. त्यातलं तारखेचं वाक्य काढून टाकावं, तर शिक्का मोडतो. शिक्का मोडला की पेटी पुन्हा सगळंच नाकारणार. शिक्का खरा असतो तो याचसाठी की माझ्यासारखीला दया आली म्हणून तो वाकत नाही. मी आक्कांना तसं सांगितलं.

“त्यात काय,” त्या म्हणाल्या. “तू ऐक. आम्ही कोंबड्यांकडं जातो.”

तो मुक्काम मी त्यांच्याकडेच केला. सकाळी दोघं खरंच परसात गेले. ती हळूहळू, तो तिच्याहून हळू, म्हणजे तिला आपण हळू चालतोय असं वाटू नये. मी पडवीत एकटी. पेटी म्हणाली, “नमस्कार. आज मंगळवार.” मग गोळ्यांचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, डॉक्टरांना कळवल्याचं सांगितलं. शेवटी ते वाक्य.

मी ते ऐकलं. झाकण लावलं. परसात गेले.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. आक्कांनी पाहिलं, आणि माझ्या तोंडावर काही वाचायच्या आत मी म्हटलं, “आक्का, लोणचं बंद.”

“बया! लोणचं बंद करणारी ही कोण टिकोजीराव?”

तात्या एवढ्या जोरात हसले की कोंबड्या उधळल्या.

*

साताऱ्यात आल्यावर रुबिना मॅडमना कारण दिलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा खुर्ची ओढून. मग मी म्हटलं की पुढच्या पॅकेजमध्ये तारखेच्या आधी पेटीनं विचारलं पाहिजे: तारीख ऐकायची आहे का? नको म्हटलं, तर फक्त काय करायचं ते सांगायचं.

“ताई, आपल्या शरीराची माहिती मिळणं हा माणसाचा हक्क आहे.”

“आहेच की. मग विचारा त्याला, आत्ता हवाय का म्हणून. आपण कुणाला वाढतो तरी विचारून.”

मग महिनाभर त्या एका प्रश्नावर डॉक्टरांची, वकिलांची, कुणाकुणाची डोकी बसली. एवढंसं वाक्य, पण त्यांना ते जड गेलं. तोवर होळी आली आणि गेली. तात्यांचा फोन आला होता, पुरणपोळीत मीठ किती घातलं तर चालतं असं विचारायला. डॉक्टरांनी गोळी बदलली होती, ड्रोननं पोचलीही होती. पायांची सूज थोडी उतरली होती, धाप होतीच.

नव्या अंदाजाची तारीख मी कुठंही लिहिली नव्हती. लिहायची गरज नव्हती. भाजी घेताना, वेणी घालताना ती आठवायची. चैत्रातल्या एका शुक्रवारी ती आली आणि माझ्याशिवाय कुणाला न कळता निघून गेली. मी त्या दिवशी देवाला साखर ठेवली. घरच्यांनी विचारलं काय विशेष, म्हटलं काही नाही.

पुढच्याच मंगळवारी प्रश्नवालं पॅकेज निघालं. रुबिना मॅडम माझ्या मागे उभ्या. ठिपके हिरवे होत गेले, एकेक गाव, एकेक वाडी. आणि एक लाल राहिला.

सावरखिंड.

पेटी जिवंत आहे एवढाही निरोप नव्हता. मी तात्यांचा फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. अंदाज म्हणजे सुमारच असतो, चार दिवस इकडे किंवा चार दिवस तिकडे, हे मीच लोकांना शिकवते.

“वितरण चारला बंद होणार,” मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, “राहिलेल्यांना पुढच्या महिन्यात देऊ, ताई.”

मी मान हलवली. फोन लावत राहिले. पुढच्या महिन्याआधी सावरखिंडीत जुनीच रीत बोलणार होती, न विचारता. बोलायला कुणी ऐकणारं असेल तर.

आणि फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज.

“सरोजताई, रागावू नका. वळवाचं ढग आलं म्हणून तुमी सांगितल्याप्रमाणं छपरावरची उपग्रहाची तबकडी काढून ठेवली आणि मेढ्याला गेलो. पेटी आत चालू हाय, ऐकतीय सगळ्यांचं. आता लाँचमधी बसलोय. पोचलो की तबकडी लावतो. तेवढं पॅकेज—”

“तात्या, आक्का?”

“ही काय. बहिणीला बघायचं म्हणून हट्ट धरला. आता दिनेशला शिकवतीया लाँच धक्क्याला कशी लावायची.”

मागून आवाज आला, दमलेला, पण आलाच. “तिला इचार, जेवली का!”

मी फोन कानाशी धरून तो आवाज ऐकत राहिले. तात्यांना वाटलं, मी रागावले.

“चुकलं का वो आमचं पॅकेज? गेलं का निघून?”

“नाही,” मी म्हटलं. “कुठं जात नाही ते. सावकाश या.”

फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत रुबिना मॅडम म्हणाल्या, “सरोजताई, चार वाजले.”

मी पडद्यावर वितरण बंद करायच्या वेळेवर बोट ठेवलं आणि ती पुढे सरकवली.

“नाही वाजले अजून,” मी म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.